झेब्राफिशवर प्रोजेक्ट: दुकानातले मासे चालतील का?

वर्तकनगर_एमएससी
एमएससी झूऑलॉजीचं शेवटचं वर्ष. एका वनस्पतीच्या अर्काचा हृदयावर काय परिणाम होतो, ते झेब्राफिशच्या गर्भावर बघायचंय. ठाणे स्टेशनजवळच्या मत्स्यालयाच्या दुकानात हे मासे सहज मिळतात. ते आणू का? आणि बाबा विचारतात, माशाचं हृदय दोन कप्प्यांचं, त्यावरून माणसाचं काय कळणार?

खारघर_फिशरूम
बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तोच घेते. कप्पे दोनच, पण ते हृदय घडवणारी आणि चालवणारी जनुकं बरीचशी आपल्यासारखीच. २०१३ साली या माशाचा जिनोम (म्हणजे सगळा जनुकसंच) प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्यात जोड सापडली. शिवाय इथे काही कापावं लागत नाही! अंडं आईच्या शरीराबाहेर फळतं, गर्भ पारदर्शक असतो. २८.५ अंश सेल्सिअसला ठेवलं की साधारण दिवसभरात हृदय धडधडू लागतं. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली शेपटीकडे पळणाऱ्या रक्तपेशी एकेक करून दिसतात. उंदराच्या पोटातल्या पिल्लाचं हे बघता येईल का? बाबांना तो व्हिडिओ जरूर दाखव.

फुप्फुसाच्या रचनेचा प्रश्न असता तर मी हा मासा घेऊच नको म्हटलं असतं.

दुकानातले मासे नकोत. त्यांचं वय, वंश, आधीचे आजार, काहीच माहीत नसतं. मग अर्कामुळे ठोके मंदावले की मूळच्याच दुखण्यामुळे, हे सांगणार कसं? ज्या लॅबमध्ये नोंदी ठेवलेला वंश आहे, तिथून अंडी मागायला गाइडना सांग. मोठे मासे पाळणार असशील तर प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घे.

कळवा_पीएचडी
ताईंशी सहमत. एक भर घालतो: अर्क पाण्यात नीट विरघळतोय का, ते आधी बघ. नाही विरघळला तर तो गर्भापर्यंत पोचतच नाही आणि आपण ‘परिणाम नाही’ असं लिहून मोकळे होतो. अर्क विरघळवायला डीएमएसओ हे द्रावक वापरलंस तर तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओचा वेगळा गट हवाच. आणि पाण्यातली मात्रा म्हणजे माणसाच्या गोळीची मात्रा नव्हे, हे थीसिसमध्ये स्पष्ट लिही.

बाय द वे, मासा आपल्याकडचाच, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. अमेरिकेत ओरेगॉनला जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ साली त्याचे क्लोन करून दाखवले आणि जनुकशास्त्रात त्याचं बस्तान बसलं. आज पुण्याच्या आघारकर संस्थेत याच माशावर हृदय पुन्हा कसं भरून येतं, याचा अभ्यास चालतो.

वर्तकनगर_एमएससी
खूप आभार, ताई, दादा. अंडी मिळाली तर नळाचं पाणी चालेल?

खारघर_फिशरूम
अजिबात नाही, क्लोरीनने गर्भ मरतात. क्षार मोजून घातलेलं ई-थ्री द्रावण वापर, बुरशी रोखणारं थोडं मिथिलीन ब्लू घालून. पांढरी पडलेली अंडी रोज ड्रॉपरने काढून टाक, नाहीतर बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांनाही धरते.