शब्दचर्चा: तारण ठेवणे आणि तारण होणे

प्रश्न (निवृत्त बँकवाली)

बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी सोनेतारणाच्या टेबलावर. ‘तारण’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे छोटा तराजू, कसोटीचा दगड आणि सील केलेली पिशवी येते. आता नगरच्या मैत्रिणीच्या लेकीचं दृढीकरण आहे, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः पक्का करण्याचा ख्रिस्ती विधी. पत्रिकेवर वचन छापलंय, ‘प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल.’ घराण्याचं तारण! आधी हसू आलं, मग ओशाळले. मुलीला कार्ड लिहायचंय म्हणून विचारते. हे तारण आणि आमचं तारण एकच का? आणि मोक्ष, मुक्ती, उद्धार हाताशी असताना हाच शब्द का?

नगरकर

हसा खुशाल, आम्हीही हसतो. धातू एकच, ‘तॄ’ म्हणजे पार जाणे. तारू त्यातलंच, आणि ‘देव तारी त्याला कोण मारी’मधलं तारणंही. फरक क्रियापदात आहे. तुमच्याकडे तारण ठेवतात आणि सोडवतात. आमच्याकडे तारण होतं. ‘मी माझं तारण केलं’ असं कुणी ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. जो बुडतोय तो स्वतःला कसा तारणार?

तुमच्या पत्रिकेवरचं वचन बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातलं आहे. त्याच्या आदलीच ओळ वाचा. पौल आणि सीला हे येशूचे दोन प्रचारक फिलिप्पै शहराच्या तुरुंगात आहेत. मध्यरात्री भूकंप होतो, दारं उघडतात. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी तलवार उपसून स्वतःचाच जीव घ्यायला निघतो. पौल ओरडून थांबवतो, आम्ही सगळे इथेच आहोत. तेव्हा तो थरथरत विचारतो, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करावं? प्रश्नात ‘करणं’ आहे आणि ‘होणं’ही. उत्तरात करण्यासारखं एकच सांगितलंय, विश्वास ठेव. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच रात्री तो त्या दोघांच्या फटक्यांच्या जखमा धुतो, त्यांना घरी नेऊन जेवू घालतो. मला हे धुणं फार आवडतं. तारण झालेला माणूस कसा ओळखावा, याचं याहून चांगलं चित्र मला ठाऊक नाही.

आता बाकीचे शब्द. ‘मोक्ष’ म्हटलं की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आलीच. आमच्यात तो फेराच मानत नाहीत. उलट देहाचं पुनरुत्थान मानतात. ‘उद्धार’ हिंदी बायबलात छान चालतो, पण मराठीत कुणी सात पिढ्यांचा उद्धार केला म्हणजे काय केलं हे तुम्ही जाणताच. ‘मुक्ती’ मात्र आमच्यात रुळलेला शब्द आहे. केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मिशनचं नावच मुक्ती. याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि १९२२ मध्ये गेल्या. तरी मुक्तीमध्ये ‘कशापासून सुटलो’ तेवढं कळतं. तारणात पलीकडचा काठही दिसतो.

व्याकरणवेडा

‘होतं, करत नाहीत’ हा नियम टिकत नाही. पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय २, वचन १२: ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या.’ साधून घ्या म्हणजे करणंच झालं की. शिवाय रोजच्या मराठीत ‘वाचणे’ असताना (अपघातातून वाचला, बुडता बुडता वाचला) संस्कृताच्या दारात जायचंच कशाला?

नगरकर

तेरावं वचनही वाचा राव. तुमच्या ठायी इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देव आहे, अशा अर्थाचं आहे ते. ‘वाचणे’बद्दल मात्र तुमचं बरोबर. नवा करार मुळात ग्रीकमध्ये आहे, आणि तिथलं क्रियापद तसंच रोजच्या वापरातलं आहे. बुडण्यातून वाचणं, दुखण्यातून उठणं, दोन्हीला तेच. म्हणून रक्तस्रावाच्या आजारातून बरी झालेली बाई आणि लूकच्या शुभवर्तमानातली पापी स्त्री, दोघींना येशू ग्रीकमध्ये अक्षरशः एकच वाक्य बोलतो. मराठीत एकीला विश्वासाने ‘बरे केले’ आणि दुसरीला ‘तारले’. भाषांतरकाराला पर्याय नव्हता, पण जोड तुटली खरी.

वसईकर

कॅथलिक घरातून लिहितोय. ‘तुझं तारण झालं का?’ असं आमच्यात कुणी विचारत नाही. एका पाहुण्याने विचारलं तेव्हा माझी आजी म्हणाली, ‘अजून जिवंत आहे मी, इतक्यात काय सांगू?’ बाप्तिस्म्यापासून सुरुवात. मग मिस्सा (आमची चर्चमधली उपासना), पापनिवेदन, शेजाऱ्याशी वागणं, असं आयुष्यभर चालतं. पौलाच्या पत्रांत तिन्ही काळ सापडतात: तारण झालं आहे, होत आहे, होईल. नगरवाले प्रोटेस्टंट पहिल्यावर जोर देतात, आम्ही दुसऱ्यावर.

शब्दांचं म्हणाल, तर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात स्वर्गाला थेट ‘वैकुंठ’ म्हटलंय. तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानाला जे ओळखीचं, ते त्यांनी बेधडक घेतलं.

नगरकर

आजींना नमस्कार सांगा.

बँकवाल्या ताई, तुमच्यासाठी राखून ठेवलेला माल आता काढतो. मराठी बायबल उघडा, कचेरीतच बसल्यासारखं वाटेल. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे आम्हास सोड’ (येशूच्या अरामी भाषेत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता). येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो. वर्तमानपत्रातली खंडणी नव्हे, गुलामाला सोडवायची रक्कम. आणि पवित्र आत्मा हा येणाऱ्या वतनाचा ‘विसार’! ग्रीकमध्येही तिथे व्यापारातलाच शब्द आहे, सौदा पक्का करताना आगाऊ देतात ती रक्कम. ‘येशूने स्वतःला आपल्यासाठी तारण ठेवलं’ ही कोटी मात्र प्रवचनापुरतीच ठेवा, मूळ शब्दात ती नाही. विसार खरा आहे.

कार्डासाठी आणखी एक जोडी: विश्वासी आणि विश्वासू. विश्वासी म्हणजे विश्वास ठेवणारा, विश्वासू म्हणजे ज्याच्यावर ठेवावा असा. ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द चालतो, मराठीला दोन लागतात. पहिला होणं एका रात्रीत जमतं, त्या तुरुंगवाल्यासारखं. दुसऱ्याला जन्म जातो. आमच्या दफनभूमीत माझ्या आजोबांच्या दगडावर प्रकटीकरण या बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातलं वचन आहे, ‘मरेपर्यंत तू विश्वासू राहा.’ कोरणाऱ्याने ‘विश्वासु’ असा ऱ्हस्व काढलाय. आजोबा शाळामास्तर होते, त्यांनी ते खपवून घेतलं नसतं.

निवृत्त बँकवाली

विसार! पहिल्याच मिनिटात सांगायचं ना, बाकी सगळं आपोआप कळलं असतं. आमच्याकडे विसार दिला की व्यवहार अर्धा झाला समजायचा, ताबा मागाहून.

कार्ड लिहून झालं. ‘विश्वासू राहा’ एवढंच लिहिलं, दीर्घ ‘सू’. ‘मरेपर्यंत’ गाळलं, मुलगी सोळा वर्षांची आहे. खरं तर कच्च्या मसुद्यात मी ‘तुझा उद्धार होवो’ असं लिहून बसले होते. थोडक्यात वाचले.