वैरी गेल्याची बातमी येते तेव्हा

नगरहून
काल रात्री फोन आला, माझे चुलते गेले. बांधावरून अकरा वर्षं कोर्टात भांडतोय त्यांच्याशी. आमच्या उभ्या ज्वारीत त्यांनी बैल सोडले होते, ते मी विसरलेलो नाही. फोन ठेवला आणि तोंडातून निघालं, "सुटलो एकदाचे!" मुलगी समोर अभ्यास करत होती, तिनं मान वर करून पाहिलं. झोप उडाली ती तिथेच. वैरी पडला तर आनंद करू नको, हे बायबलमधलं नीतिसूत्रे 24:17 संडे स्कूलमध्ये घोकलेलं. प्रभू येशूनं तर त्याहून जास्त मागितलं, वैऱ्यावर प्रीती करा. तो गेल्यावर ती कशी करायची? आज संध्याकाळी माती आहे. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी लिहा. उपदेश नको, घडलं ते सांगा.

वसईहून
ज्यानं माझ्या नवऱ्याला चोरीच्या खोट्या आळात गोवलं, त्याच्या मयताला मी गेले. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी झाला, तोवर ठीक होतं. कबरीपाशी सगळ्यांसारखी मीही माती उचलली आणि मूठ उघडेना. पावसाचे दिवस, माती चिकट, नखांत गेलेली. मागची बाई हळूच म्हणाली, "टाक गं." नवऱ्याच्या तुरुंगातल्या त्या नऊ रात्रींची आठवण मुठीत होती जणू. टाकली शेवटी. त्या दिवशी क्षमा झाली असं म्हणणार नाही. पण दर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावल्या की एक त्याच्याही कबरीवर लावते. आता सातवं वर्ष.

पुण्याहून
मला जमलं नाही, आणि तेही इथे यायला हवं. वडील दारू पिऊन आईला मारायचे. ते गेले त्या रात्री आई पहिल्यांदा दाराला कडी न लावता झोपली. मला हायसं वाटलं आणि ते पाप होतं असं मी आजही मानत नाही. आमच्या पाळकसाहेबांनी स्तोत्र 109 वाचायला दिलं. त्यात वैऱ्यासाठी शापच शाप आहेत, पण ते देवापुढे ओतलेले. सूड माझ्याकडे सोपव, असं देव म्हणतो. म्हणजे राग त्याच्याकडे न्यायचा, लपवायचा नाही. सुटकेचा श्वास वेगळा आणि मयतावर पेढे वाटणं वेगळं.

न्यू जर्सीहून
1 मे 2011 च्या रात्री ओबामांनी ओसामा बिन लादेन मारला गेल्याचं सांगितलं. जुळ्या मनोऱ्यांच्या जागी लोक झेंडे घेऊन जमले, घरात मीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी व्हॅटिकनचे प्रवक्ते फादर लोम्बार्दी यांचं निवेदन वाचलं: माणसाच्या मरणावर ख्रिस्ती माणूस कधीच आनंद करत नाही. आधी संताप आला. जवळजवळ तीन हजार जीव घेतले होते त्या हल्ल्यानं! पण निवेदनात त्याचे गुन्हेही स्पष्ट मांडले होते, काही झाकलं नव्हतं. तेव्हा कळलं, त्याला निर्दोष म्हणायला कुणी सांगत नव्हतं. त्या टाळ्या मात्र मला आजही खुपतात.

मिरजेहून
बायबलमधल्या शौल राजानं दावीदावर भाला फेकला, डोंगरादऱ्यांत त्याचा पाठलाग केला. तो युद्धात पडल्यावर दावीदानं कपडे फाडले, संध्याकाळपर्यंत उपास केला, विलापगीत गायलं. आणि त्या गीतात शौलाच्या छळाचा एक शब्द नाही. माझ्या वैऱ्याच्या मयतात मी एवढंच केलं, तोंड बंद ठेवलं.

पुन्हा नगरहून
जाऊन आलो. खांदा दिला. रडू आलं नाही, आणलंही नाही. चुलत भाऊ माझ्याकडे पाहत होता, बोलला नाही. दावा मागे घेतलेला नाही, पुढची तारीख लागलेली आहे. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बायकोनं न विचारता पिठलं-भाकरी बांधली. डबा घेऊन मुलगी गेली. चुलतीनं तिला ओळखलं नाही, अकरा वर्षांत पाहिलंच नव्हतं. "कुणाची गं तू?" म्हणाली. तिनं माझं नाव सांगितलं. चुलतीनं डबा घेतला.