मोठेबाबांचा पाय आणि दवाखान्याचे कागद

प्रेषक: रश्मी
विषय: गावाकडचं दवाखान्याचं प्रकरण, कोणी सांगू शकेल का?

मंडळी, नमस्कार.
गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हे घुसवतेय. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोळ्यानंतर मोठेबाबा बंडीवरून पडले, नडगीचं हाड मोडलं. जवळच्या खाजगी दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि भरती करून घेतलं. रात्रभर ते ओरडत होते, बोटं निळी पडली. मोठीआई सांगायला गेली तर कंपाउंडर म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाले दुखतेच जी, झोपू द्या." डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आले, प्लास्टर कापलं आणि सेवाग्रामच्या रुग्णालयात न्या म्हणाले. तिथे गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

दादा कागद मागायला जातो तर "नंतर या" म्हणतात. भरती करताना मोठीआईचा अंगठा एका छापील फॉर्मवर घेतलाय, म्हणजे आता सगळं संपलं असं तिला वाटतं. गावातली पोरं दवाखान्यावर चाल करून जायच्या गोष्टी करतात. माझ्या ऑफिसातला एक जण म्हणाला, वकील फुकट केस घेतो, जिंकल्यावर तिसरा हिस्सा. तिकडे भारतात असं होतं का?

रश्मी

---

प्रेषक: अविनाश

रश्मी, वाचून वाईट वाटलं. मी इकडे येण्याआधी नागपूरला वकिली केली आहे, म्हणून लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तिसऱ्या हिश्श्याचा प्रकार भारतात चालत नाही. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोणी तसं कबूल केलंच तर दादाला म्हणावं, दुसरा वकील बघ.

आता कागद. सगळं यावर उभं आहे, आणि लोक नेमकं हेच मागे टाकतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार भरती रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरने तीन वर्षं ठेवायची असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. तोंडी मागणं म्हणजे न मागणं. दादाने साध्या कागदावर अर्ज लिहावा: केसपेपर, नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता, एक्सरे, संमतीचा फॉर्म, बिल, सगळ्याच्या प्रती हव्यात. मोठेबाबांची सही किंवा अंगठा, तारीख. दुसऱ्या प्रतीवर दवाखान्याचा शिक्का आणि "मिळाले" असं लिहून घ्यायचं. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट. त्यांनी कागद दिलेच नाहीत, तर ती पोचपावती हाच आपला पुरावा, कारण नोंदी का नाहीत याचं उत्तर मग दवाखान्याला द्यावं लागतं.

सेवाग्रामचे कागदही लगेच काढा. पोचले तेव्हा पायाची अवस्था काय होती, किती वाजता, हे तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेलं असणार. या प्रकरणात त्यांना काही लपवायचं नाही.

अंगठ्याची काळजी नको. संमती उपचाराला असते, निष्काळजीपणाला नसते.

अविनाश

---

प्रेषक: सुलभा

मी हाडांच्या वॉर्डात आयुष्य काढलं, म्हणून थोडं टोचेल असं लिहिते. पाय गेला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असं नसतं. नडगी मोडली की आत सूज येते, स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढतो, रक्त पोचत नाही. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. उत्तम दवाखान्यातही होतो.

चूक ठरते ती पुढे काय केलं त्यावर. दुखणं औषधाने आटोक्यात येत नाही, पायाचं बोट हळूच ताणलं तरी माणूस किंचाळतो, ही खूण नर्सिंगच्या पोरींनाही शिकवतात. प्लास्टर ताबडतोब चिरायचं, तेवढ्याने भागलं नाही तर शस्त्रक्रियेने कप्पे मोकळे करायचे. हातात फार तर काही तास असतात. तेव्हा रश्मी, कागदात एकच गोष्ट बघ: रात्री बोटांचा रंग, हालचाल, संवेदना कोणी तपासली का, आणि तिथे वेळ लिहिली आहे का. रात्रभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेल्या दिसल्या तर तेही वकिलाला सांग.

आणखी एक. प्लास्टर घालणाऱ्याची पदवी कोणती? एमबीबीएस, अस्थिरोगतज्ज्ञ, की दुसऱ्याच पॅथीचे? १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली होती, आणि ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. आपल्याकडे पाटीवर "डॉ." एवढंच असतं, पुढचं कोणी वाचत नाही.

सुलभा

---

प्रेषक: मुकुंद

इतकं कागद-कागद कशाला? सरळ पोलिसात जा, डॉक्टरला आत टाका. कुणाल साहांना सहा कोटी मिळाले की! फेसबुकवर नाव टाका, दोन दिवसांत सरळ येतील.

---

प्रेषक: अविनाश

मुकुंदराव, साहांचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्यांच्या पत्नीवर कोलकात्यात चुकीचे उपचार झाले, १९९८ मध्ये ती मुंबईत वारली, सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी २०१३ मध्ये दिले. मधली पंधरा वर्षं साहा स्वतः डॉक्टर असून लढले, आणि रकमेत पत्नीच्या अमेरिकेतल्या कमाईचा हिशोब होता. कोरडवाहू कपाशीच्या शेतकऱ्याला तो आकडा दाखवू नये, उगाच आशा लागते.

पोलिसांचं म्हणाल तर २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार ढोबळ असावा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. तो मार्ग बंद नाही, पण पहिला नाही. आणि रश्मी, गावातल्या पोरांना आजच्या आज थांबव. दवाखान्यात तोडफोड केली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीची दुप्पट भरपाई. खटला मोठेबाबांचा राहणार नाही, पोरांचा होईल. फेसबुकचंही तसंच. इथेही दवाखान्याचं नाव कोणी लिहू नका.

पहिला मार्ग ग्राहक आयोगाचा. पैसे देऊन घेतलेले उपचार ही "सेवा" आहे, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने ठरलं. सगळ्यांना फुकट उपचार देणारा सरकारी दवाखाना त्यात येत नाही, तुमचं प्रकरण येतं. पैसे दिल्याची चिठ्ठी जपा, फोनपेने काही दिलं असेल तर त्याची नोंद काढा. तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगात, मोठेबाबा राहतात तिथेच करता येते. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. इथे भरपाई किती मागितली ते बघत नाहीत, दिलेले पैसे बघतात. मुदत दोन वर्षं. त्यानंतर उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं, तेव्हा दिवाळी, पेरणी, लग्न करत बसू नका.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, म्हणून अपंगत्वाचा दाखला आधी काढा. हेल्पलाइन १५१००. आणि सातबारा मोठेबाबांच्या नावावर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक पाय गमावल्यास एक लाखाचं अनुदान आहे, वयाची मर्यादा पंचाहत्तर. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, आणि त्याची मुदत दिवसांत मोजतात, म्हणून दादाने उद्याच जावं.

अविनाश

---

प्रेषक: रश्मी

अर्ज दिला. शिक्का मारायला नाही म्हणत होते, दादा दाराशी बसून राहिला तेव्हा मारला. काल दवाखान्याचा माणूस घरी आला. काही रक्कम देतो म्हणे, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर "आमची काही तक्रार नाही" लिहून द्या. मोठीआई म्हणते, घेऊन टाका बापा, कोर्टात कोण खेटे घालणार.

---

प्रेषक: अविनाश

मोठीआई चुकीचं बोलत नाही. तारखा पडतात, यवतमाळची बस आणि एक दिवसाची मजुरी प्रत्येक वेळी जाते. तडजोड करण्यात कमीपणा नाही. पण कागद हातात येण्याआधी, सुलभाताईंसारख्या कोणी ते वाचण्याआधी सही नको. आज आपल्याला माहीतच नाही की आपण काय सोडतोय.

रक्कम ठरवताना फक्त दवाखान्याचं बिल धरू नका. कृत्रिम पाय एकदाच घ्यायचा नसतो, झिजतो, काही वर्षांनी बदलावा लागतो. शेतात गडी ठेवावा लागेल त्याची मजुरी, सेवाग्रामच्या फेऱ्या, मोठीआईची बुडालेली कामं, सगळं लिहून काढा. आणि तडजोड करायचीच तर आयोगापुढे करा. २०१९ च्या ग्राहक कायद्यातली मध्यस्थीची सोय गंभीर इजेच्या वैद्यकीय निष्काळजीपणाला लागू नाही, पण तक्रार दाखल करून तडजोड लेखी आयोगापुढे ठेवली की ती नोंदीत राहते. घरी ओसरीवर स्टॅम्पपेपरवर अंगठा दिला की रोख दिली-घेतली यावरच पुढे वाद होतो.

त्या माणसाला दादाने एवढंच सांगावं: आधी कागद, मग बोलू. कागद आले की पानांना क्रमांक घालून, मागची बाजूसुद्धा, स्कॅन करून मला आणि सुलभाताईंना वेगळ्या मेलवर पाठव. या मेलच्या यादीवर नको, इथे सगळे वाचतात. रकमेचा आकडाही इथे लिहू नकोस.

अविनाश