स्टॅग फील्ड कुणाच्या नावाचं?

हाइडपार्कची_आई: लेक शिकागो विद्यापीठात आहे. तिच्याकडे गेले होते तेव्हा हेन्री मूरचं ब्राँझचं शिल्प पाहिलं. 2 डिसेंबर 1942 ला पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया इथेच, स्टॅग फील्डच्या स्टँडखाली झाली म्हणे. हे स्टॅग कोण, शास्त्रज्ञ का? आणि भर विद्यापीठातलं स्टेडियम मोकळं कसं सापडलं?

पीटी_मास्तर: ताई, ते फुटबॉलचे कोच. अमोस अलॉन्झो स्टॅग, जन्म 1862. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हातात चेंडू घेऊन पळायचा.

येल विद्यापीठात गेले ते पाद्री व्हायचं म्हणून, पण गाजले खेळात. 1892 मध्ये विल्यम हार्पर यांनी त्यांना नव्या शिकागो विद्यापीठात आणलं. हार्पर त्या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष, येलमध्ये स्टॅगना शिकवलेले. आणलं तेही हंगामापुरता कोच म्हणून नाही, तर शारीरिक शिक्षणाचा विभागप्रमुख आणि कायम नेमणुकीचा प्राध्यापक म्हणून! मी उभी हयात पीटी शिकवला. परीक्षा जवळ आली की आमचा तास गणिताला जायचा. त्यामुळे त्या नेमणुकीचं मोल मला फार वाटतं.

स्टेडियमचं म्हणाल, तर 1939 मध्ये विद्यापीठाने फुटबॉल संघच बंद केला. मैदानाला काम उरलं नव्हतं.

रविवारचा_सामना: मास्तर, 1905 ची मिशिगनची मॅच राहिली की!

पीटी_मास्तर: ती कशी राहील! मिशिगन विद्यापीठाचा संघ सलग 56 सामने अपराजित. शून्य-शून्य चाललेलं. शिकागोच्या एकरसॉलने चेंडू लांब मारला, तो मिशिगनच्या गोलरेषेपलीकडे गेला. त्यांच्या डेनी क्लार्कने तिथेच न थांबता तो बाहेर पळवायला घेतला आणि शिकागोच्या पोरांनी त्याला रेषेमागेच आडवा केला. त्याचे शिकागोला दोन गुण. 2-0, संपला सामना.

हाइडपार्कची_आई: मग संघ बंद झाला तेव्हा स्टॅगनी काय केलं?

पीटी_मास्तर: ते तेव्हा तिथे नव्हतेच. सत्तरी झाली म्हणून 1932 च्या हंगामानंतर त्यांना निवृत्त केलं होतं. घरी बसायचं त्यांच्या मनात नव्हतं. कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेले, 1946 पर्यंत संघ सांभाळला. 1943 मध्ये, 81 व्या वर्षी, देशातले सर्वोत्तम कोच ठरले! पुढे पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना विद्यापीठात मुलाच्या जोडीने पोरं घडवली. 1965 मध्ये गेले, वय 102.