आठ तास टिकला नाही तर परफ्यूम बाद?

मांडवीकाठ
काल इथे एकाने महागडा परफ्यूम कसा पारखावा याचा सल्ला दिला. मनगटावर मारा, आठ तासांनी वास आला तर घ्या. दोघा-तिघांनी 'कुठला रे लावलास?' विचारलं तर डोळे झाकून घ्या. बाकी सगळी म्हणे श्रीमंतांची नाटकं. त्याखाली 'एकदम बरोबर' म्हणणाऱ्यांची ही रांग! राहवलं नाही म्हणून लिहितोय.

लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांच्या सालीची तेलं हलकी. ती उडणारच, कंपनी कुठलीही असो. अंब्रॉक्सन हे रसायन आणि कृत्रिम कस्तुऱ्या जड, त्या शर्ट धुतला तरी हटत नाहीत. टिकण्यावरच निकाल लावायचा तर जड माल ओतणारा दर वेळी पहिला येणार. दिओरचं 'ओ सोव्हाज' १९६६चं, परफ्यूमर एदमों रुडनित्स्काने बनवलेलं. लिंबाच्या पाठोपाठ हेडिओन या रसायनाचा तो जाईच्या जवळचा, मोकळा वास येतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं आटोपतं. २०१५चं 'सोव्हाज' नावाने त्याचं भावंड, पण अंब्रॉक्सनच्या जोरावर रात्रीपर्यंत मुक्काम ठोकतं. या दोघांतला फरक ज्याला फक्त घड्याळात दिसतो त्याला नाक हवं कशाला?

आणि दुकानाच्या एसीत निर्णय घेऊ नका. आधी कागदी पट्टीवर हुंगा, आवडला तर हातावर घ्या आणि पणजीच्या '१८ जून' रस्त्यावर उन्हात एक फेरी मारून या. आत देखणा वाटलेला व्हॅनिला बाहेर घामात गोडमिट्ट होऊन बसतो.

वेर्णा फर्स्ट शिफ्ट
तो 'एक' मीच. नाव घ्यायला काय झालं होतं? तुमचं नाकाने कांदे सोलणं चालू द्या. मी काळोखात घर सोडतो. दहा-पंधरा हजारांची बाटली घेतली आणि कारखान्याच्या गेटवर पोचेपर्यंत वास गुल, तर रुडनित्स्का येऊन भरपाई देणार काय? तुम्ही दुपारी ड्रॉवर उघडून पुन्हा फवाराल. आमच्याकडे मोबाईलसुद्धा लॉकरात ठेवून आत जावं लागतं.

मांडवीकाठ
'वास गेला' हे कोण सांगतं? तुमचंच नाक ना? ते थोड्या वेळात सरावतं. मग स्वतःला येत नाही म्हणून आणखी चार फवारे, आणि बसमधल्या बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावायचा.

जायांची माळ
बसचा विषय काढलात ते बरं झालं. काल मडगाव-पणजी शटलमध्ये शेजारी आखातातून सुट्टीवर आलेले एक गृहस्थ. पावसामुळे खिडक्या बंद. औद की काय ते अत्तर. कुठ्ठाळी येईपर्यंत मी डोकं धरून बसले. या लोकांना घरचे काही सांगत नाहीत का? आमच्या म्हार्दोळला म्हालशीच्या जायांच्या पूजेला देऊळभर जाई असते, कोणाचं डोकं दुखत नाही.

कुवेत रिटर्न
बाई, आखाताचं नाव काढलंत म्हणून बोलतो. औद आसामातही होतो, आपल्याच देशात. अगराच्या झाडाला बुरशी लागली की आत राळ धरते, तिचा तो वास. आखातातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तो थेंब हातावर घेऊन, थांबून, पारखून विकत घेतायत. पॅरिसवाल्यांच्या बाटलीत तो आला कालपरवा. यव्ह सें लोराँचा एम७ २००२चा, टॉम फोर्डचा औद वूड २००७चा. तेव्हापासून ती 'लक्झरी'. आमच्या अंगावर आला की डोकेदुखी!

पहिल्या सुट्टीला निडो दूधपावडरच्या डब्याशेजारी टॉवेलात गुंडाळून आईसाठी एक बाटली आणली होती. तिने स्वतः कधी लावली नाही. लग्नाकार्याला निघालेल्या शेजारणींना बोट बोट लावायची. आता त्यावरही नाक मुरडा.

जायांची माळ
तुमच्या आईवर कोण बोललं? बंद बसमध्ये अर्धी बाटली ओतण्यावर बोलले.

कुवेत रिटर्न
तो आखातातून आलाय हे कशावरून ओळखलंत? पासपोर्ट बघितलात? उद्या एखादा पर्यटक फ्रेंच बाटली अंगावर रिकामी करून आला तर त्याला खिडकी द्याल.

वेर्णा फर्स्ट शिफ्ट
+१. घरावर स्लॅब आखाताच्या पैशाचा चालतो, वास तेवढा नको.

नाकपुडी
जाईत इंडोल नावाचं रसायन असतं. विष्ठेतही तेच असतं. बंद खोलीत माळांचा ढीग ठेवून झोपा, मग डोकेदुखीचं बोला.

जायांची माळ
देवीच्या फुलांना असलं बोलताना जीभ कशी रेटते?

नाकपुडी
फुलांना कुठे, रसायनाला बोललो.

मांडवीकाठ
धागा कुठे होता, कुठे नेलात! पण कुवेतवाल्यांचं एक घ्यावंच लागेल: हातावर घेऊन थांबायचं, हेच तर मी सांगत होतो. फक्त तिकडची हवा आणि आपला दमटपणा यांत फरक करा. इथे मे महिन्यात औदचा एक थेंब पुरे.

वेर्णा फर्स्ट शिफ्ट
म्हणजे त्यांचं मान्य, माझं नाही? औद दिवसभर टिकतो म्हणूनच लोक पैसे टाकतात ना?

मांडवीकाठ
टिकतो आणि बदलतो. आधी गोठा, मग लाकूड, शेवटी मधाळ. तुम्ही सुरुवात आणि शेवट बघता, मधलं कोण बघणार? बरं, पैशाचंच म्हणाल तर अख्खी बाटली घेऊच नका. पाच-दहा मिलीची कुपी भरून देणारे असतात, तिच्यावर महिनाभर पारखा. नाहीतर कनौजचा खस, म्हणजे वाळ्याचं अत्तर घ्या. उन्हाळ्यात गारवा वाटतो आणि टिकतोही.

वेर्णा फर्स्ट शिफ्ट
'टिकतोही'! एवढं रामायण सांगून गाडी आली शेवटी माझ्याच स्टॉपवर. देव बरें करूं.

मांडवीकाठ
'ही' वाचलंत, आधीचा गारवा नाही वाचलात. असो, खस घ्या, तुमचे आठ तास तुम्हाला लखलाभ.

जायांची माळ
खसाला माझी हरकत नाही. औदवाला शेजारी आला तर मात्र मी उठणार.

कुवेत रिटर्न
खुशाल उठा. सोमवारी सकाळी शटलमध्ये आम्हाला तेवढीच जागा.