मुद्गल फिरवताना कोपराला कळ: वजन जास्त की पकड चुकतेय?

प्रश्न
मुद्गलांची (व्यायामात फिरवायच्या, टोकाकडे जाड लाकडी दांड्यांची) शिसवी जोडी आहे, प्रत्येकी दीड किलो, लांबी २२ इंच. डोक्यामागून वर्तुळ काढताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. दोन्ही हात एकदम फिरवले की मुद्गल एकमेकांवर आपटतात. हलकी जोडी घ्यावी का?

तालीमकट्टा
घ्या, अर्धा ते पाऊण किलोची. मुद्गलाचा भार टोकाकडे असतो, म्हणून दीड किलोच्या डंबेलवरून अंदाज बांधू नका. फिरवताना मनगटावर पडणारा ताण कितीतरी जास्त असतो.

पण कळ बहुधा गच्च मुठीची आहे. मूठ आवळली की मनगट मागे वळवणारे स्नायू सतत ताणलेले राहतात, आणि त्यांचं मूळ कोपराच्या बाहेरच्या हाडावर असतं. मुद्गलाच्या दांडीच्या शेवटचा गोळा करंगळीखाली टेकू द्या. झोक्याच्या वेळी पकड अंगठा आणि तर्जनीची, बाकीची बोटं फक्त सोबतीला. मुद्गल उभा आला की तो मनगटावर तोललेला हवा, बोटांनी आवळून धरलेला नको. कळ थांबेपर्यंत मागचं वर्तुळ बंद, समोरचीच काढा. बोटांना मुंग्या येत असतील तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सांधेदुरुस्ती
भिंतीला पाठ लावून हात सरळ वर न्या. कंबर भिंतीपासून सुटत असेल तर खांदा पुरेसा उघडत नाहीये, आणि ती कसर मागच्या वर्तुळात कंबर आणि कोपर भरून काढतात. कोपर कानाजवळ, छताकडे रोखलेलं ठेवा. ते खाली घसरलं की मुद्गल पाठीवर बसलाच.

जोडीफेक
आपटण्याचं कारण ताल. आधी एकेका हाताने दहा-दहा फेरे, सुरुवात कमजोर हाताने. मोजणी त्याच्याच वेगाने. मग दोन्ही हात एकाच दिशेला. ते न अडखळता जमलं की एक मुद्गल वर असताना दुसरा खाली. आत-बाहेर उलट दिशांची वर्तुळं सगळ्यात शेवटी, तुम्ही बहुतेक तिथूनच सुरू केलंय.

आणि जवसाचं तेल लाकडाच्या अंगालाच लावा. धरायच्या दांडीला लावलं की घामाने ती निसटते, मग आपोआपच मूठ आवळली जाते.