पुरानंतर सामान कसं पोचवायचं? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यासाठी आत्ताच ठरवतोय

म्हापसेकर:
2021 च्या जुलैत म्हादईला पूर आला तेव्हा आम्ही वाड्यावरच्या पोरांनी दोन पिकअप भरून सत्तरीत नेल्या, पण निम्मं सामान कामाला आलंच नाही, जुने कपडे तर देवळाच्या मंडपात भिजत पडले, अजून वाईट वाटतं. यंदा मिरगाआधीच ठरवून ठेवायचंय. काय न्यायचं, किती, कोणाला विचारून?

नदीकाठची:
आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं म्हणून सांगते. पाणी उतरल्यावर पहिले दोन दिवस चूल चिखलात, सिलिंडर आडवा, आणि लोक तांदूळ देऊन जात होते, शिजवणार कशात? तेव्हा पाव, उंडे (गोल कडक पाव), केळी, प्यायचं पाणी, मेणबत्त्या, बायकांसाठी पॅड एवढंच आणा. तांदूळ-डाळ चौथ्या दिवसानंतर, आणि तांदूळ उकडेच. त्याआधी फावडी, खराटे, बादल्या, फिनेल, गमबूट द्या, चिखल वाळला की दगड होतो हो. माझ्या सासूबाईंची बीपीची गोळी वाहून गेली होती, ते कोणी विचारलंच नाही.

फोंड्याचा टेम्पोवाला:
हिशेब असा करा. साठ घरं म्हणजे तीनशे माणसं धरा, प्यायला माणशी तीन लिटर म्हणजे दिवसाला 900 लिटर, वीस लिटरचे 45 जार, एक पिकअप पाण्यातच भरली. धुणंभांडी धरून माणशी 15 लिटर लागतात, तेव्हा 4500 लिटर, त्याला टँकरच हवा. विहिरीत पुराचं पाणी शिरलेलं असतं, आरोग्य केंद्रवाले क्लोरीन टाकून हो म्हणेपर्यंत ते पिऊ देऊ नका. आणि पाकिटं गाडीवरून फेकू नका बाबांनो, घरटी चिठ्ठी करा, नाहीतर रस्त्याकडेच्यांना तीनतीनदा मिळतं आणि आतल्या वाड्यावर काहीच पोचत नाही.

पंच (माजी):
निघण्याआधी मामलेदार ऑफिसात फोन करा, कुठला रस्ता पाण्याखाली आहे ते त्यांना माहीत असतं. मोठा ट्रक नको, आतल्या साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, जात नाही. प्रत्येक वाड्यावरचा एक माणूस आणि त्याचा नंबर आत्ताच कागदावर लिहून ठेवा, त्यावेळी मोबाईल बंदच असतात.

म्हापसेकर:
खूप आभार सगळ्यांचे. @नदीकाठची ताई, औषधांची यादी घरटी आत्ताच करतो, रविवारी गुळेलीला येतोय, तुमच्या वाड्यापासूनच सुरू करू?

नदीकाठची:
या. दहाच्या आत या, मग सगळी कुळागरात (सुपारीच्या बागेत) जातात.